पावसाळ्यात अडकणारे दार : घरातील लाकूडकामाची किरकोळ दुरुस्ती

आषाढाच्या सुमारास घरोघरी एक तक्रार ऐकू येते : दार लागत नाही. उन्हाळ्यात जे दार एका बोटाने ढकलले तरी मिटत होते, तेच आता खांद्याचा रेटा दिल्याखेरीज चौकटीत बसत नाही. सुताराला निरोप जातो. तो रंधा घेऊन येतो, दाराची कड तीन-चार मिलिमीटर तासून देतो आणि दार पूर्ववत लागू लागते. गृहस्थाचे समाधान होते. परंतु माघ-फाल्गुनात त्याच दाराच्या कडेने उजेडाची रेघ दिसू लागते, कडी कोयंड्याशी जुळेनाशी होते, आणि वारा सुटला की दार रात्रभर वाजत राहते. तासून टाकलेले लाकूड काही केल्या परत येत नाही.

येथे सुताराचे कसब कमी पडले असे नाही, की लाकूड निकृष्ट होते असेही नाही. चूक एवढीच की, दार का अडकले हा प्रश्न कोणी विचारला नाही. रोगाचे निदान होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली. घरातील दारे, खिडक्या, खुर्च्या, मेजे, खण यांच्या बहुतेक लहानसहान तक्रारींचे मूळ लाकडाच्या एका स्वभावधर्मात असते. तो समजून घेतला, तर पुष्कळशी दुरुस्ती घरच्या घरी करता येते. आणि जी करता येत नाही ती सुताराकडून नेमकी करवून घेता येते. या पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१. लाकूड आणि ओलावा

लाकडाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ते घट्ट एकजीव नसून असंख्य बारीक नळ्यांचे बनलेले आहे असे दिसते. गवताच्या पोकळ काड्यांची मोळी घट्ट बांधावी, तशी ही रचना असते. नळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने गेलेल्या असतात. झाड जिवंत असताना या नळ्यांच्या पोकळीत पाणी असते आणि त्यांच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते.

झाड तोडल्यावर प्रथम पोकळीतील पाणी उडून जाते. या अवस्थेत लाकूड हलके होते, पण त्याच्या मापात फरक पडत नाही. पोकळी रिकामी झाल्यावर भिंतींतील पाणी जाऊ लागते, आणि तेव्हापासून लाकूड आकसू लागते. हा टप्पा सामान्यतः ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास असताना येतो. येथे टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात. उदाहरणार्थ, एका तुकड्याचे वजन ४६० ग्रॅम आहे आणि भट्टीत पूर्ण वाळविल्यावर ते ४०० ग्रॅम भरले, तर गेलेले पाणी ६० ग्रॅम होय. म्हणजे मूळचा ओलावा १५ टक्के होता.

लाकूड कितीही जुने असले, तरी हवेशी चाललेली त्याची ही देवघेव थांबत नाही. हवा दमट झाली की ते पाणी घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की पाणी देते आणि आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असता लाकडातील ओलावा कालांतराने सुमारे ९ टक्क्यांवर स्थिर होतो; आर्द्रता ८५ टक्के असता तो १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणूनच जैसलमेरच्या कोरड्या हवेत घट्ट जुळवून केलेले मेज कोचीला नेले तर फुगेल, आणि कोचीत केलेले कपाट जैसलमेरला नेले तर त्याच्या फळ्यांत फटी पडतील. आपला देश या बाबतीत इतका विविध आहे की, लाकडातील ओलाव्यासंबंधीच्या २८७ क्रमांकाच्या भारतीय मानकात हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. कोकणातील वा बंगालमधील घराला तर एका जागी राहूनच वर्षातून दोन हवामानांतून जावे लागते.

२. फुगणे सर्व दिशांनी सारखे नसते

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही. हिरवे लाकूड पूर्ण वाळले तरी त्याची लांबी सामान्यतः हजारात एक-दोन भागांपेक्षा अधिक घटत नाही. जे काही वाढणे-घटणे होते ते रुंदीत आणि जाडीत. त्यातही वर्षवलयांना अनुसरून जी दिशा जाते त्या दिशेने ते अधिक, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे असते. सागाचे लाकूड हे यांत फार संयमी समजले जाते. तरीही हिरव्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. म्हणजे ओलाव्यात एक टक्का फरक पडला की रुंदीत सुमारे ०.२ टक्का फरक पडतो, असा हिशेब धरण्यास हरकत नाही.

आता हा हिशेब दाराला लावून पाहू. समजा, उन्हाळ्यात दाराच्या लाकडात ९ टक्के ओलावा होता आणि पावसाळ्यात तो १५ टक्के झाला. फरक ६ टक्क्यांचा. म्हणून रुंदीत वाढ सुमारे १.२ टक्के. दार ९० सेंटिमीटर रुंद असून उभ्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून केलेले असेल, तर त्याची रुंदी जवळजवळ ११ मिलिमीटरने वाढू पाहील. असे दार चौकटीत मावणे शक्यच नाही.

परंतु जुन्या कारागिरांनी याला उत्तर शोधून ठेवले आहे. त्यांनी दाराला दोन उभ्या पट्ट्या आणि तीन-चार आडव्या पट्ट्या यांचा सांगाडा केला, आणि मधल्या जागेत पातळ फळ्या बसविल्या. या फळ्या खिळ्यांनी वा सरसाने जखडलेल्या नसतात. त्या पट्ट्यांच्या खाचांत नुसत्या सरकत्या ठेवलेल्या असतात. त्या फुगल्या तर खाचेत अधिक आत शिरतात, आकसल्या तर थोड्या बाहेर येतात. दाराच्या मापावर परिणाम होत नाही. आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीच्या दिशेने असते, आणि लांबीत लाकूड फुगत नाही. राहिल्या दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १० सेंटिमीटर रुंद धरल्या, तर २० सेंटिमीटरांवर १.२ टक्के, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच वाढ होते. अकरा मिलिमीटरांचे संकट अडीच मिलिमीटरांवर आले. काश्मीरमधील खतमबंद छतांतही हेच शहाणपण दिसते. तेथे लाकडाचे लहान लहान भौमितिक तुकडे खिळे न मारता खाचांत गुंतवून सबंध छत सजविलेले असते.

लाकडाला हालण्यास जागा द्यावी, त्याला जखडू नये, हाच या सर्वांचा अर्थ होय. पुढील प्रत्येक दुरुस्ती या एका नियमाच्या आधारे समजते.

३. अडकणाऱ्या दाराची तपासणी

दार अडकण्याची मुख्य कारणे तीन : लाकूड फुगणे, बिजागरी सैल होऊन दार खाली झुकणे, आणि घराची भिंत खचून चौकट तिरकी होणे. कोणते कारण आहे हे ओळखण्यासाठी रंगीत खडू पुरेसा आहे. दार जेथे टेकते त्या चौकटीच्या आतल्या बाजूस खडू घासावा, दार एकदा मिटून उघडावे, आणि दाराच्या कडेवर रंग कोठे उठला ते पाहावे.

रंग सबंध उभ्या कडेवर थोड्याफार फरकाने सारखा उठला आणि तक्रार पावसाळ्यातच उद्भवत असली, तर लाकूड फुगले आहे असे समजावे. रंग कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावरच उठला आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा उंबरठ्यावर किंवा जमिनीवर घासत असला, तर वरची बिजागरी सैल झाली आहे. दाराचे वजन वरच्या बिजागरीला सतत ओढत असते, म्हणून तिचेच स्क्रू प्रथम ढिले पडतात. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजले असता ते असमान भरले आणि भिंतीला चौकटीजवळ नवी तिरकी भेग असली, तर प्रश्न दाराचा नसून भिंतीचा आहे. तेथे जाणकार गवंडी किंवा स्थापत्य अभियंता यांना दाखविणे इष्ट.

बिजागरी सैल असेल तर रंध्याची गरजच नाही. स्क्रू नुसता पिळून घट्ट बसत असेल तर प्रश्न मिटला. भोक मोठे होऊन स्क्रू फिरत राहत असेल, तर तो काढावा. बांबूची किंवा सागाची बारीक कपची भोकाच्या मापाने तासून, सरस लावून आत ठोकावी. सरस पूर्ण वाळू द्यावा. मग जास्तीचा भाग पटाशीने कापून, तेथे स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून स्क्रू नव्याने बसवावा. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळले तर तो सुलभ जातो. मोठ्या भोकात अधिक जाड खिळा ठोकणे हा उपाय नव्हे. त्याने चौकट फुटते.

लाकूड फुगले असेल, तर पावसाळ्यात तासू नये. जेथे रंग उठला तेथे मेण चोळून वेळ निभावावी आणि त्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्या. हवा कोरडी झाल्यावर दार व चौकट यांतील फट मोजावी. साध्या वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेव्हा फटीत किती कागद एकत्र सरकतात हे मोजले की झाले. पट्ट्यांच्या दारास उन्हाळ्यात फट सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे तीस कागदांची असावी. ती तेवढी असेल आणि तरीही पावसाळ्यात दार अडकत असेल, तर दोष ओलाव्याच्या वाटेत शोधावा. फट कमी असेल तर उणे पडेल तेवढेच लाकूड तासावे. पावसाळ्यात दार मुळीच लागत नसल्यामुळे सुरक्षिततेला बाधा येत असेल, तरच रंधा तेव्हा चालवावा, आणि तोही केवळ घासणाऱ्या जागी.

ओलाव्याची वाट बहुधा दाराच्या वरच्या व खालच्या कडेला असते. लाकूड आपल्या टोकांच्या छेदातून, म्हणजे नळ्यांच्या उघड्या तोंडांतून, सर्वांत वेगाने पाणी शोषते. पण रंगारी दाराच्या दोन्ही बाजू चकचकीत रंगवितो आणि वरची-खालची कड तशीच सोडतो, कारण ती कोणाच्या नजरेस पडत नाही. कोरड्या दिवसांत दार उतरवून या दोन कडांना तेलरंगाचे किंवा रोगणाचे दोन हात द्यावेत. रंगाने ओलावा सर्वस्वी थांबत नाही, परंतु त्याची ये-जा मंदावते आणि फुगणे कमी होते. तासण्याआधी करावयाचा हा उपाय असून तो अनेकदा पुरेसा ठरतो.

४. डगमगणारी खुर्ची

खुर्चीच्या आडव्या दांडीच्या टोकाला एक जीभ राखलेली असते. तिला कुसू म्हणतात. ती पायातील चौकोनी भोकात बसवून सरसाने जोडतात. जीभ व भोक यांचे फुगणे-आकसणे वेगवेगळ्या दिशांनी होत असल्यामुळे वर्षानुवर्षे हा सांधा कुरकुरत राहतो आणि शेवटी सरस सुटतो. अशा वेळी बाहेरून खिळा मारण्याचा मोह होतो. खिळा काही दिवस धरतो. मग आतील जीभ त्याच्याभोवती चिरफाळते आणि पुढे खरी दुरुस्ती करणेही कठीण होते.

योग्य रीत अशी : सैल सांधे हळूहळू उकलावे आणि प्रत्येक तुकड्यावर खूण करावी, म्हणजे जोडताना अदलाबदल होणार नाही. जुना सरस पटाशीने खरवडून लाकूड उघडे करावे. नवा सरस लाकडाच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. जुन्या सरसाच्या थरावर तो नीट धरत नाही. जीभ भोकात सैल असेल तर तिच्या बाजूस लाकडाची पातळ ढलपी चिकटवून ती जाड करावी. मग दोन्ही अंगांस सरस लावून सांधे बसवावे. शिकंजा नसेल तर चारी पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घालून, त्यांत काठी अडकवून पीळ द्यावा. म्हणजे सांधे सर्व बाजूंनी दाबले जातात. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारी पाय टेकतात की नाही, आणि बैठकीचे दोन कर्ण सारखे आहेत की नाही, हे सरस ओला असतानाच पाहावे. त्यानंतर एक अहोरात्र तिला हात लावू नये.

घरातील अशा कामास पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट जातीचा पांढरा सरस उत्तम. मात्र न्हाणीघर, गच्ची यांसारख्या सतत ओल्या जागी तो टिकत नाही. तेथे पाण्यास टिकणाऱ्या जातीचा सरस मागून घ्यावा.

५. भेगा, खण आणि दाबफळ्या

मेजाच्या पृष्ठभागाला उन्हाळ्यात पडलेली भेग लगेच कठीण लुकणाने भरू नये. पावसाळ्यात फळी फुगते तेव्हा भेग मिटण्यास जागा लागते. ती भरलेली असेल तर फळी वाकते किंवा दुसरीकडे तडकते. बहुधा असे आढळते की, मेजाची फळी खालच्या सांगाड्याला स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते. स्क्रूंची भोके रुंदीच्या दिशेने थोडी लांबट केली, म्हणजे फळीला सरकण्यास वाव मिळतो आणि नवीन भेगा टळतात.

खण अडकत असेल तर तो रिकामा करून बाहेर काढावा आणि ज्या भागावर घासल्याची चकाकी दिसते तेथे मेण चोळावे. तेल लावू नये. त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

अलीकडच्या सामानात लाकडाचा चुरा रेझिनसह दाबून केलेल्या फळ्या फार आढळतात. त्यांना वरील नियम जसाचा तसा लागू पडत नाही. पाणी शिरल्यावर या फळ्या जाडीत फुगतात आणि वाळल्या तरी पुष्कळदा मूळ मापावर येत नाहीत. त्यांतील स्क्रूची पकडही जाते. तेव्हा त्यांच्या उघड्या कडा पट्टीने वा रंगाने बंद ठेवणे हेच त्यांचे रक्षण. फुगलेला भाग बदलावाच लागतो.

६. कीड आणि कुजणे

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला पाणी लागते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिची वाढ होत नाही. न्हाणीघराच्या चौकटीचा तळ कुजतो तो यामुळेच. कुजलेला भाग बदलण्यापूर्वी तेथे साचणाऱ्या पाण्याला वाट करून दिली पाहिजे. नाहीतर नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल.

वाळवी बहुधा जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत येते. भुंगेऱ्यांची कीड मात्र लाकडातच वाढते, आणि बारीक भोकांखाली साठलेल्या पिठासारख्या भुकटीवरून ओळखू येते. हातोडीच्या दांड्याने चौकट ठोकीत जावे. आवाज पोकळ आला तेथे आतून खाल्ले आहे. वाळवीच्या नळ्या नुसत्या पुसून भागत नाही. त्या कोठून निघाल्या ते शोधावे आणि औषधयोजना प्रशिक्षित माणसाकडून करवून घ्यावी. रॉकेल ओतण्याची रीत आगीच्या दृष्टीने धोक्याची असून वाळवीच्या मुळाशी ती पोचत नाही.

७. सुताराकडून काम करवून घेताना

छपराची तुळई, जिना, सज्जा यांचे लाकूड माणसांचा भार पेलते. ते काम घरी करू नये. इतर कामांसाठीही कुशल हाताची गरज पडतेच. सुतार दिवसाच्या मजुरीवर येत असेल, तर एकेका किरकोळ कामासाठी त्यास बोलाविणे दोघांच्याही तोट्याचे असते. म्हणून घरात एक यादी ठेवावी आणि बिघाड दिसला की त्याची नोंद करावी : कोणते दार, कोठे घासते, कोणत्या महिन्यात. चार-सहा कामे साठली की कार्तिकानंतर, हवा कोरडी झाल्यावर त्यास बोलवावे. नवे लाकूड लागणार असेल तर ते वाळलेले आहे ना, हे आधी विचारावे, आणि आणल्यावर काही आठवडे घरातच ठेवावे, म्हणजे त्याला त्या घरच्या हवेची सवय होते. सामान कोणी आणावयाचे आणि मजुरी किती, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे. आणि नोंद दाखविल्यावर कारागीर काही वेगळे सांगू लागला, तर ते लक्षपूर्वक ऐकावे. त्याच्या हाताने अनेक पावसाळे पाहिलेले असतात.

सागाचे झाड कापण्याजोगे जाड होण्यास सामान्यतः ५० ते ६० वर्षे लागतात. त्याचे दार नीट राखले तर त्याहून अधिक काळ टिकते. ज्या घरात दार चुकीच्या ऋतूत तासले जात नाही, त्या घराला नवे दार करावे लागत नाही. आणि तेवढे एक झाड उभे राहते.

करून पाहा

१. सागाच्या किंवा आंब्याच्या लाकडाचा एक लहान तुकडा घ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याचे वजन करा आणि वर्षाअखेर आलेख काढा. वजन कोणत्या महिन्यात सर्वांत अधिक भरले? का?

२. शाळेतील एका दाराची फट दरमहा कागद सरकवून मोजा. ही नोंद पहिल्या आलेखाशी ताडून पाहा.

३. एका फळीची लांबी व रुंदी मोजून ती तीन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. कोणत्या मापात फरक पडला?

४. आपल्या घरातील एक जुने दार निरखून पाहा. कारागिराने लाकडाला हालण्यास जागा कोठे ठेवली आहे, ते शोधून त्याचे चित्र काढा.